बारीक तारेची कबुली

मी, व्हायोलिनवादक, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. बोटं आखडलीत, डोकं शाबूत आहे.

१. राहती जागा व बँकेतली शिल्लक भाचीला. तालमीच्या खोलीतला जाड गालिचा काढू नये. खालच्या शेजाऱ्यांनी फार सोसलंय.

२. पोलादी तारांचं नवं व्हायोलिनही भाचीलाच. त्यावर वाद्यवृंदात तीस वर्षं पोट भरलं.

३. पन्नाशीच्या सुमारास एका प्रश्नाने मला पछाडलं: तीनशे वर्षांपूर्वी हेच संगीत कानाला कसं लागत असेल? म्हणून जुन्या घडणीचं व्हायोलिन घेतलं. आतड्याच्या तारा, हनुवटीला टेकू नाही, हवा दमट झाली की सूर घसरलाच. सगळं पहिल्यापासून शिकले. आमचे संचालक म्हणाले, "बाई, मांजर पाळलंत की काय?" गजाला लावायच्या राळेची माझी डबी त्यांना द्यावी. रिकामी.

४. जुनं व्हायोलिन थोरल्या भावाला. दादा आमच्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर, म्हणजे प्रमुख व्हायोलिनवादक होता. "जुनं-नवं डोळे मिटून ओळखीन," म्हणाला. पैज लागली. मी पडद्याआडून एकच धून दोनदा वाजवली, एकदा जुन्यावर, एकदा नव्यावर. "दोन्ही वेळा नवंच वाजवलंस," दादा म्हणाला. सगळे खो-खो हसले. महिन्याभरात त्याने खुर्ची सोडली. एकोणीस वर्षं व्हायोलिनला हात लावलेला नाही.

दादाचं बरोबर होतं. ऐनवेळी जुन्याची बारीक तार तुटली, जोडीला दुसरी नव्हती, म्हणून मी पोलादी चढवली. धून जवळजवळ सगळी त्याच तारेवर होती. खरं सांगणार, तेवढ्यात टाळ्या पडल्या आणि मी त्या घेतल्या. त्याची मला आजही लाज वाटते.

५. कलम ४ रद्द. साक्षीला आलेल्या वाद्यदुरुस्तीवाल्यांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अहो, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं? मग दादा काय म्हणाले, ते तुम्हाला कसं कळणार?" बरोबर वर्मावर बोट! लगेच दादाला बोलावलं. त्याने वाचलं. "एकोणीस वर्षं वाटत होतं, माझा कान गेला," म्हणाला, आणि रडला. मीही रडले. व्हायोलिन त्याला हातोहात दिलं. आता मृत्युपत्रातून त्याला काहीच मिळत नाही, तेव्हा तो साक्षीदार व्हायला मोकळा.

ठिकाण: तालमीची खोली. दिनांक: सात, शनिवार, दुपार.

लिहून देणार: मी (सही)

साक्षीदार पहिला: वाद्यदुरुस्तीवाले (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. (त्याच्याच अक्षरात) थांब गं, आधी सूर लावू दे.