सरूवहिनीच्या पोटातली गाठ

९ जानेवारी
संकल्प: नर्सिंग होमच्या ऑपरेशन थिएटरात आपली सिस्टीम आणायची. रक्त टिपायच्या कपड्यांच्या, म्हणजे मॉपच्या, सगळ्या नाड्या कापून टाकल्या. धुताना गुंततात. अंजनी सिस्टर म्हणाली, शाणपट्टी करू नको, नाडी पोटाबाहेर लटकते म्हणून कपडा आत राहत नाही. जुने लोक बदलाला घाबरतात.

१७ जानेवारी
सरूवहिनीची गर्भपिशवी काढली. आमच्याच नर्सिंग होममध्ये, माझ्या शब्दावर. दादा बारवी धरणाकडच्या पाड्यावरून टमटम भरून माणसं घेऊन शहरात, कॅम्प पाचला आला. सगळ्यांना सांगत होता, आपला आकाश आत हाय, टेन्शन नाय.
टाके घालण्याआधी मॉप मोजले. एकोणीस. पाहिजेत वीस. डॉक्टर घाईत, बाहेर ओपीडी खोळंबलेली. ‘करेक्ट’ म्हणालो. विसावा लाँड्रीत असणार.

१८ जानेवारी
लाँड्रीत नाही. म्हणजे मुळात एकोणीसच होते.

३ मार्च
वहिनीचं पोट दुखतं. गॅस. फोनवर ओव्याचं पाणी सांगितलं.

११ जून
ताप जात नाही. दादा म्हणतो, हाताला गोळा लागतो. टाक्यांची सूज असते, म्हणालो. आमच्याकडे नको आणू, सोनोग्राफीचं मशीन बंद आहे. मशीन चालू आहे. पण बिचाऱ्यांची खेप वाचली.

२९ जुलै, दुपारी ३
त्यांनी बदलापुरात सोनोग्राफी केली. मोठी गाठ, कॅन्सरचा संशय. रिपोर्ट दोनदा वाचला. मॉपचं कुठे नाव नाही. एकदम हलकं वाटलं. शिरगावला मिसळ खाल्ली.

५ ऑगस्ट
पाड्यावर गेलो. वहिनी निम्मी राहिलीय. बारा वर्षांच्या लेकीला, हर्षदाला, भाकरी थापायला शिकवत होती. घाईघाईने. मला म्हणाली, भावजी, तुमी सगला केलात, माजाच नशीब फुटका. पेशंटशी वाद घालू नये.

१२ ऑगस्ट
परवा मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन. संकल्प: यापुढे मॉप दोनदा मोजायचे. याचा त्याच्याशी संबंध नाही.

१४ ऑगस्ट, सकाळी ११.२०
सर्जनने नातेवाइकांना बोलावून ट्रे दाखवला. कॅन्सर नाही. पुवाने भरलेला कपडा. आतडं कापावं लागलं, दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले. दादाने मला पुढे ढकललं. तू आतला माणूस, डॉक्टरसाहेब काय बोलतात ते आमाला मराठीत सांग.
सर्जन मराठीतच बोलत होते.
संडासात येऊन लिहितोय. बाहेर दादा कडी वाजवतोय. आकाश, घेरी आली का रं? पाणी आणू?