आम्ही एकही कन्व्हर्जन केलेले नाही

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे, चालेल ना?) तुम्ही व मामी खुशाल असाल. मीही खुशाल आहे असं लिहिणार होते, पण ते कितपत खरं, याची मला खात्री नाही.

आमची संस्था तुम्हाला ठाऊकच आहे. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या आम्ही गरजूंना फुकट वापरायला देतो. देतो म्हणजे, कुणी मागायला आलं तर. कुणी येत नाही. शेवटी घरमालक म्हणाले, "बाई, सामान नुसतं धूळच खाणार असेल तर महिनाअखेर खोली मोकळी करा." मग कुणीतरी सुचवलं, की नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना इंटरनेटवरच्या जाहिरातींसाठी अनुदान मिळतं. मी अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला! खजिनदारांनी बँकेत खेपा घातल्यावर कळलं, की या अनुदानात पैसे येतच नाहीत, नुसत्या जाहिराती लागतात. (मग याला अनुदान म्हणावं का? माझं अजून ठरत नाही.)

पुढे त्या जाहिरातवाल्या कंपनीचं पत्र आलं: आपल्या खात्यात एकही कन्व्हर्जन दिसत नाही, खुलासा करावा. मी शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ, धर्मांतर. (दुसरा रूपांतर होता, पण आमचं कसलं डोंबलाचं रूपांतर?) अध्यक्षबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, ताडकन उठल्या. "आपण लोकांना कुबड्या देतो, धर्म नाही!" त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: आम्ही आजवर एकही कन्व्हर्जन केलेले नाही व यापुढेही करणार नाही, अशी लेखी हमी देतो. खाली शिक्का. दुसऱ्या दिवशी जाहिराती बंद.

आमची वेबसाइट करणारी मुलगी पोट धरधरून हसली. "अहो ताई, जाहिरात बघून आलेल्या माणसानं 'साहित्य हवे' हे बटण दाबलं, की झालं कन्व्हर्जन!"

"मग दाबलं म्हणा की सरळ!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

माफी मागितली, जाहिराती पुन्हा लागल्या. आता महिनाअखेरपर्यंत निदान एकानं तरी दाबायला हवं, नाहीतर खोली जाणार. मीच दाबणार होते. बोट नेलंही, पण मनात आलं, मला कुठे वॉकर हवाय? खोटं ते खोटंच.

मामीला नमस्कार.

आपली भाची

ता. क. : तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि काठीचं नाव काढलं की "मी काय म्हातारा झालो?" म्हणून ओरडता, असं मामी फोनवर म्हणाली. मामा, ते बटण हिरवं आहे.

ता. क. २ : संस्थेवर उपकार म्हणून दाबणार असाल तर मुळीच दाबू नका. मनापासून गरज पटली तरच.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता कळलं, की मामीनं कधीच दाबलंय. (तुमच्यासाठी तिनं दाबलं, म्हणजे हे कन्व्हर्जन तिचं की तुमचं?) वॉकर टेम्पोतून निघाला आहे. एवढीच विनंती, त्याला दारातून परत पाठवू नका. वॉकर परत आला तर कन्व्हर्जनही परत जातं का, हे त्या लोकांना पुन्हा विचारायची माझी छाती नाही.