चार सिस्टिमच्या मशीनबाबत

मी, लामीन बिन तैय्यब फुराती, वय एकसष्ट, धंदा संगणकदुरुस्ती व शिकवणी, राहणार सफाकस, ट्युनिशिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधेच आहे. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगतो, म्हणून धास्ती वाटते.

१. घर व बचत शरियतने ठरवलेल्या वाट्यांप्रमाणे वारसांना जावी. मला स्वतःच्या मर्जीने देता येतो तो एक तृतीयांश. पुढील दोन गोष्टी त्यातून.

२. सोल्डरिंगची हत्यारे शेजारच्या रेडिओवाल्या हेदीला. २००९ साली नेलेली माझी पक्कडही त्याने ठेवावी; फक्त नेल्याचे एकदा कबूल करावे.

३. शिकवणीचे मशीन माझा जुना भागीदार मुंजी याला. त्यात एकाच डिस्कवर चार सिस्टिम आहेत: एक विंडोज, दोन लिनक्स, एक बीएसडी. चालू करताच यादी येते, दहा सेकंदांत निवडावे लागते. मुलांनी बिघडवून शिकावे यासाठीच ते आहे. मात्र विंडोज मागाहून टाकले तर ते यादीच उडवते, म्हणून ते आधी, बाकीच्या नंतर. शिवाय डिस्कवरचे लिनक्सचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, विंडोजला वाचता येत नाहीत; ते विचारते, 'फॉरमॅट करू का?', म्हणजे आतले सगळे पुसू का? कृपा करून 'नाही' म्हणावे. पुन्हा लिहितो, 'नाही'. तशी चिठ्ठी मशीनला चिकटवली आहे, तरी ती सुटली तर नाही ना, हे मी दिवसातून दोनदा पाहतो.

४. कारण लिहिणे भाग आहे. आठ वर्षांपूर्वी त्यातला एक कप्पा पुसला गेला. मुंजीने चार वर्षे लिहिलेले धडे गेले, आणि माझी मुलगी इब्तिहाल हिचा पदवीचा प्रकल्पही. तो द्यायला नऊ दिवस उरले होते. मी भर दुकानात मुंजीला धरले.

"लामीन, अरे माझेच धडे मी कशाला पुसू? आईशप्पथ, हात नाही लावला."

"मग काय भुताने पुसले?"

तो दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवून निघून गेला. इब्तिहालने शिक्षण सोडले; आता औषधांच्या दुकानात बसते. एकदाच म्हणाली, "बाबा, मुंजीकाकांना विचारा तरी, माझ्यावर त्यांचा कसला राग होता?"

मी विचारले नाही. त्या सकाळी विंडोज नव्याने टाकल्यावर तो प्रश्न माझ्यासमोर आला होता. कप्पा मला रिकामा वाटला. 'होय' मी दाबले.

५. हे मी गेल्यावर उघडावे असे आधी लिहिले होते. ते कलम रद्द. मेलेल्या माणसाशी धड भांडताही येत नाही, आणि मला तेवढी सवलत नको. आज दुपारी हा कागद इब्तिहालच्या हाती देतो. मला फार भीती वाटते आहे, ऑपरेशनची कमी.

साक्षीदार, समक्ष वाचून: रिदा मस्मूदी, नोटरी (सही). फौझी केशू, नोटरी (सही).

सफाकस, सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४.
लामीन फुराती (सही)

पोच: बाबा, वाचलं. मुंजीकाकांना आणायला निघाले आहे. त्यांना हे कागदावरून कळायला नको, तुमच्या तोंडून कळू दे, गुरुवारच्या आत. माझं भांडण नंतर. त्यासाठी तुम्हाला परत यावं लागेल.
इब्तिहाल