भिवाजीचे मत

ती. इंदूवहिनींस,

पत्राला बसलो आणि नमस्काराच्या आधीच कानात आला तो तुमच्या भिवाजीचा 'हज्जर'. चौथीत आम्ही एका बाकावर; त्याचे पुढचे दोन दात पडले होते तेव्हा तो अशी शीळ घालून म्हणायचा, की पत्र्यावरचे पारवे उडायचे आणि आमची कविता अर्ध्या चालीत तुटायची. असो, नमस्कार. नेरळला लेकीकडे गुडघे बरे आहेत ना? (लिफ्ट बंद असली तर चढू नका, खालीच बसून कविता म्हणाव्यात, मी तेच करतो.)

इकडे आमच्या पक्षाचे दोन तुकडे झाले. एकीकडे माझी सून सुरेखा, दुसरीकडे स्वप्नील, आणि बॅनरवर मोठा फोटो कोणाचा हेच ठरेना. सुरेखाने पंधरा वर्षे वाडी-वाडी चालून लोकांची रेशनकार्डे करून दिली. स्वप्नीलने मुख्यतः स्वतःचे वाढदिवस केले. शेवटी वरून निरोप आला, शाखा स्थापणारे अकरा जण ज्याला म्हणतील तोच नेता. मी जुना मास्तर, म्हणून हजेरी माझ्याकडे. नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे आणि आपला नेता सांगायचा.

रविवारी भर दुपारी चौक गावात ढाब्यामागच्या हॉलात बैठक भरली. दहा नावे झाली, पाच-पाच. आणि चाळीस वर्षांची सवय, वहिनी, यादीत होते ते अकरावेही वाचून गेलो. भिवाजी. त्याला जाऊन तीन वर्षे झाली हे मला का ठाऊक नाही? मी खांदा दिलाय. पण उत्तर आले, "हज्जर. सुरेखा." तीच शीळ.

कोणी हसले, कोणी चपला शोधू लागले. स्वप्नील मात्र उठून उभा राहिला. "मेलेला बोलतोय ना गुरुजी? मंग परत पुकारा. समद्यांना ऐकू द्या."

शाळेतही मी दोनदाच पुकारायचो. दुसऱ्यांदा उत्तर नाही आले की गैरहजर. पुकारले. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीतून आले, "हज्जर. स्वप्नील."

खुर्ची ओली होती, वहिनी. ओढ्याच्या चिखलाचा वास येत होता. तरीही सहा-पाच ते सहा-पाच, नेता स्वप्नील; वरच्यांनी फोनवरच मान्य केले (त्यांच्या यादीत कोणी मरत नाही). सुरेखाने हरकत घेतली आहे. घरी येऊन एवढेच म्हणाली, "बाबा, पंधरा वर्सं जित्यांच्या दारात गेले. मेलेल्यांकडं जायचं राह्यलं."

लेकीला आशीर्वाद, नातवंडांना कविता पाठ करायला सांगावे.

आपला,
दशरथ

ता. क. पहिला 'हज्जर' माझा होता. वही तोंडापुढे धरून म्हटले. चौथीत तो ओढ्यावर चिंबोऱ्या धरायला पळे तेव्हा त्याची हजेरी मीच देत असे, आवाज अजून जमतो. सुनेसाठी केले. दुसरा माझा नव्हता.

आणखी एक ता. क. हरकतीमुळे बुधवारी पुन्हा हजेरी आहे. हयातीत तो फक्त तुमचेच ऐकायचा. फोटोपुढे उभे राहून एकदा दटावून सांगा, सुरेखाचे नाव घे, नाहीतर गप्प बस. पत्राचे खरे कारण हेच.

हे लिहितोय तोच सुरेखा आत आली. दारात कोणी म्हातारा उभा हाय, म्हणते. पाठीमागे ऊन, म्हणून तोंड दिसत नाही; पाय ओले आहेत. काय पाहिजे ते सांगत नाही, नुसते माझे नाव पुकारतो. आपल्याकडे तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये म्हणतात. पण हजेरीला दोनच असतात, वहिनी, आणि आत्ता दुसरी झाली.