तिसऱ्या खांबावरचा नीलकंठ

४ सप्टेंबर १९३४

डॉक्टर म्हणाले, ‘पित्त वाढलंय, सकाळी चालत जा.’ पित्त काढून घेतलं तर आमची चूल कशावर पेटणार? ‘बाभळीचे काटे’ हे सदर इतकी वर्षं मी पित्तावरच चालवतो आहे. पण सौ. ऐकत होती, म्हणून मान हलवली.

आज गेलो. बाळीवेशीबाहेरच्या मोकळ्या जागेशी येतो तो काय — गुरुबसप्पा! तारेच्या खांबाखाली, अनवाणी, मान वर. बायको, निंगव्वा, वारल्यापासून हा माणूस माडीवरून खाली उतरला नव्हता. कापडाचं दुकान मुलगा बघतो. ताट भरलेलं वर जातं, निम्मं भरलेलं खाली येतं. पहिले काही महिने मी जाऊन बसायचो. मग कंटाळलो. (खरं लिहायला काय हरकत आहे, इथं कोण वाचतंय!)

‘काय बघताय?’

‘श्श! नीलकंठ, पंत. खिडकीतनं दिसला. म्हणून आलो की.’

खांबावर एक मातकट, मान नसल्यासारखं पाखरू. म्हटलं, ह्याच्यासाठी उतरलात? तेवढ्यात ते खाली झेपावलं आणि पंख उघडले. रंगाऱ्याच्या पिंपातून आत्ता उपसून काढल्यासारखा निळा! मी पुढचा शेरा विसरलो. असं माझं सहसा होत नाही.

११ सप्टेंबर

रोज जातो. पित्त आहे तिथंच आहे. मंडळ मात्र वाढलं. हिंदुराव वकील येऊ लागलेत, शिकारी चुलत्याची दुर्बीण गळ्यात. त्यांना प्रत्येक घार गरुड दिसते. मी म्हटलं, ‘वकीलसाहेब, घार आहे ती.’ म्हणाले, ‘पुरावा?’

तीस सालच्या मार्शल लॉच्या वेळी ह्याच वेशीत चार माणसं एकत्र उभी राहिली की शिपाई यायचा. हल्ली चारजण आभाळाकडे बघत उभे असले तर येत नाही. सोलापुरात पक्षिप्रेम वाढायचं कारण हेच असावं.

आज प्रत्येकानं आपापला आवडता पक्षी जाहीर केला. वकिलांचा गरुड, म्हणजे घार. गुरुबसप्पांचा नीलकंठ. माझा खाटीक. मुठीएवढं पाखरू, डोळ्यावर काळी पट्टी, किडा पकडतो आणि बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. सगळ्यांना दिसेल असा! आमच्या धंद्यातलाच आहे तो.

गुरुबसप्पांनी दुर्बिणीतून एक शोध लावला. नीलकंठाच्या उजव्या पायाचं मागचं बोट नाही. म्हणाले, ‘माझ्यासारखंच हाय. एक गेलंय. तरी बसतंय की तारंवर.’

वकील खोकले. मी बाभळीकडे बघितलं.

१९ सप्टेंबर

आज गिरणीच्या भोंग्याच्या आधीच निघालो. गुरुबसप्पा माझ्याही आधी. एकटेच. बोलत होते, कानडीत, वर बघून. मला कानडी जेमतेम येतं, पण एवढं कळलं: धाकट्या सुनेला दिवस गेलेत. परड्यातली विहीर आटली नाही. तुझी तांब्याची घागर थोरलीनं घेतली, मी काही बोललो नाही.

निंगव्वाला सांगत होते. तारेवरच्या निंगव्वाला.

मी खाकरलो नाही. तसाच मागं फिरलो. घरी सौ. म्हणाली, ‘आज लवकर?’ म्हटलं, ‘पाखरं रजेवर आहेत.’

२२ सप्टेंबर

गुरुबसप्पांच्या मुलानं रस्त्यात गाठलं. ‘आप्पा दोन वेळ जेवतात आता. तुमच्यामुळं.’ म्हटलं, माझ्यामुळं नाही, त्या खांबावरच्यामुळं. पण बरं वाटलं. बरं वाटलं की मला पुढचा दिवस वाईट जाणार अशी शंका येते.

२६ सप्टेंबर

संपादकांचा माणूस दारात बसून. सदर हवं, आत्ता हवं. माझ्याजवळ काही नव्हतं. म्युनिसिपालिटीच्या गटारांवर लिहून झालं, गटारांच्या म्युनिसिपालिटीवर लिहून झालं.

जवळ होतं ते दिलं. ‘नीलकंठाचे भक्त.’ एका बैठकीत उतरलं. बाळीवेशीबाहेरचा तिसरा खांब, त्याखाली उभे असलेले एक शेठजी. स्वतःच्या मुलाला हाक मारायच्या आधी पाखराला नमस्कार करतात. त्याला घरातली बित्तंबातमी देतात, सुनेपासून घागरीपर्यंत. पाखरू ऐकतं, मग नाकतोडा खातं, आणि शेठजी म्हणतात, ‘बघा, पटलं त्याला!’

चांगलं उतरलंय. फार दिवसांनी इतकं चांगलं उतरलंय.

३० सप्टेंबर

छापून आलं. गाव हसतंय. हॉटेलात मोठ्यानं वाचतात म्हणे. हिंदुराव वकील खूश. ‘पंत, मला गरुड केलंत!’

सौ.नं वाचलं. डाळ निवडता निवडता म्हणाली, ‘घागरीचं कशाला लिहिलंत?’

‘नाव कुठं घातलंय?’

‘खांब घातलाय की.’

१ ऑक्टोबर

खांबाखाली जत्रा! पोरं, रिकामटेकडे, दोन पेन्शनर. ‘हाच का तो तिसरा?’ एकानं खडा मारून पाखरू उडवून दाखवलं, दुसऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

गुरुबसप्पा बाजूला उभे. आज पायात चपला होत्या. वर नमस्कार केला नाही. मला म्हणाले, ‘छान लिवलंय, पंत. लोक लई हसले की.’

एवढंच. आणि घरी गेले.

काहीतरी बोलायला हवं होतं. पण सदर लिहिणारा माणूस माफी मागायला लागला तर दर आठवड्याला सदर वेगळं आणि माफी वेगळी छापावी लागेल. उद्या बघू.

२ ऑक्टोबर

गुरुबसप्पा आले नाहीत.

९ ऑक्टोबर

आले नाहीत. माडीची खिडकीही बंद. मुलगा रस्त्यात दिसला, पलीकडून गेला.

नीलकंठ येतो. तारेवर बसून खाली बघतो. कुणीतरी यायचं राहिलंय, असं बघणं. (हे मी लिहिलं? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर काट्याला टोचलं असतं.)

दसरा

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी शेजारच्या नरसम्मानं हाक मारली. ‘पंत, या की! पालपिट्ट आलंय, दर्शन घ्या!’ ही विणकर मंडळी तेलंगणातली. दसऱ्याला गावाबाहेर जाऊन नीलकंठ बघितला की वर्ष चांगलं जातं असं मानतात. ज्यांना जाणं होत नाही त्यांच्या दारी पाखरं धरणारा येतो, टोपलीतला पक्षी दाखवतो, दसऱ्याचं काही घेऊन पुढं जातो. नरसम्माची सासू पाटावर बसलेली, हात जोडून. दिसत काहीच नाही तिला. तरी डोळ्यात पाणी.

मी वाकलो. पंख उंबराच्या चिकानं चिकटवलेले, वर दोरा. उजव्या पायाचं मागचं बोट नाही.

‘कुठं सापडला?’

‘खांबावरच घावला, सायब. लई येळ रानात फिरावं लागलं न्हाई. कागदात आलं हुतं म्हनं. हाटेलात वाचत हुते, तिसरा खांब, तिसरा खांब. मंग काय!’ आणि मोठ्या मनानं म्हणाला, ‘लिवनाऱ्यानं चांगलं लिवलंय बगा.’

इतक्या वर्षांत माझं लिखाण पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं, आणि ही त्याची दाद.

गल्लीच्या टोकाशी त्याला गाठलं आणि टोपलीसकट पाखरू घेतलं. काय दिलं ते लिहीत नाही, ही वही हल्ली सौ.च्या हाती लागते. सोनं वाटायला बाहेर पडलो होतो. एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात नीलकंठ. असा घरी आलो.

दसऱ्याचा दुसरा दिवस

रद्दीच्या खोलीत ठेवलाय. भिजवलेली डाळ दिली. बघत नाही. पेरू दिला. बघत नाही. सौ. दारात उभी राहून म्हणाली, ‘तुमच्याच लेखात आहे ना, नाकतोडे खातो म्हणून? का ते नुसतं विनोदापुरतं?’

संध्याकाळी मैदानावर नाकतोडे धरले. पन्नाशीला आलेला माणूस, टोपी हातात, गवतात उड्या मारतो आहे! हिंदुराव वकिलांनी रस्त्यावरून बघितलं आणि दुर्बीण लावली. आता बार रूममध्ये माझं सदर चालेल. चालू दे.

खाल्ला. एक खाल्ला!

२३ ऑक्टोबर

पंखांचा चीक निघत नाही. सौ. म्हणाली, ‘पोरींच्या केसात डिंक अडकला की खोबरेल लावतात.’ दोघांनी मिळून लावलं. तिनं धरलं, मी चोळलं. मला चावला. सौ. हसली. आमच्या घरात हसू ऐकल्याला बरेच दिवस झाले होते.

चीक सुटला. पंख उघडतो, पण उचलत नाही.

बेत असा: पाखरू बरं करायचं, एका सकाळी गुपचूप खांबाशी नेऊन सोडायचं. खिडकीतून गुरुबसप्पांना निळं दिसेल. खाली येतील. जेवतील. कुणी कुणाला काही बोलायला नको. मग माफीचा प्रश्नच राहत नाही!

नरकचतुर्दशी

फटाके. पाखरू टोपलीत थरथरत होतं. जुने अंक काढून टोपलीभोवती थरावर थर रचले, आवाज कमी व्हावा म्हणून. ‘बाभळीचे काटे’ सगळे त्यात गेले. कामाचा कागद आहे.

१२ नोव्हेंबर

शेवटी गेलो गुरुबसप्पांकडे. मुलानं दार उघडलं, जिन्याकडे बोट केलं. दाढी वाढलेली. कोपऱ्यात ताट, झाकलेलं.

‘या पंत.’

मी हवापाण्याचं बोललो. गिरणीवाल्यांचं बोललो. एवढा बोलघेवडा माणूस मी, आणि एक वाक्य सोडून सगळी वाक्यं बोललो.

मग त्यांनीच विचारलं. ‘नीलकंठ दिसत न्हाई खांबावर.’

‘स्थलांतर,’ मी म्हणालो. ‘जातात दुसऱ्या मुलखात. परत येतात. पुस्तकात आहे.’

‘येतंय म्हणता?’

‘येणार.’

‘बरं. तुमी म्हणता तर.’ मग वाकून माझ्या धोतराच्या काठाची कुसळं एकेक करून काढू लागले. ‘गवतात गेला हुता वाटतं. लई लागल्यात.’

‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’

‘व्हय. चाला की.’

कुसळं सगळी काढली. तळहातावर जमवून खिडकीबाहेर टाकली. मी जिना उतरलो.

२० नोव्हेंबर

आज टोपलीच्या काठावर चढून बसला. पंख झाडले. निळा दिसला, पण तेलकट निळा. भिजल्या कापडासारखा. पिसं अजून सुटी होत नाहीत. सौ. म्हणते उन्हात ठेवा. ठेवतो.

गवत वाळलं. नाकतोडे मिळेनासे झाले. झुरळं देतो. खातो, पण तोंड वाकडं करून. मला ओळखायला लागलाय, मी आलो की पाठ फिरवतो.

२७ नोव्हेंबर

थंडी पडली. टोपलीत जुनी बंडी घातली. आज एकच झुरळ.

खाटीक बघितला बाभळीवर. काट्याला टोचलेला नाकतोडा उतरवून खात होता. तो निदान टोचलेलं खातो. मी टोचतो आणि पुढच्या आठवड्याचं शोधायला लागतो.

२ डिसेंबर

सकाळी टोपलीत पडलेला. पाय वर. बोट नसलेला पाय वर.

थंडीनं गेला, की तेलानं, की झुरळांनी — वकिलांना विचारलं पाहिजे, पुरावा काय. सौ.नं बंडीतच गुंडाळला आणि परसात बाभळीखाली पुरला. मी खणलं. माती बर्फासारखी गार होती.

एका दृष्टीनं सुटलो. आता सांगायचं काहीच उरलं नाही. नीलकंठ दुसऱ्या मुलखात गेला. मी म्हटलंच होतं. पुढच्या वर्षी दुसरा येईल. दुरून कुणाला बोटं दिसतात? गुरुबसप्पांना सांगायचं नाही. ठरलं.

३ डिसेंबर

आत्ता सकाळी दार वाजलं. गुरुबसप्पा! माडीवरून उतरून, गल्ली ओलांडून, स्वतः चालत. दाढी केलेली. हातात बिस्किटांची पत्र्याची डबी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.

‘पंत, थंडी पडली. आता तुमाला नाकतोडे घावायचे न्हाईत. मळ्यातनं धरून आणलेत. ऊस हाय न्हवं, तितं अजून हायत.’ आणि लाजल्यासारखं हसले. ‘वकील बोलले हुते कवाच, तुमी गवतात नाकतोडे धरताय म्हून. तवाच वळखलं. म्हटलं, तुमी सांगाल तवा सांगाल. पण आज ऱ्हावलं न्हाई. कुटं ठेवलंय? बघू तरी.’

मी म्हणालो, ‘बसा. आधी चहा घ्या.’

सौ. चहा टाकते आहे. आधण येऊनही ती उठत नाही. मी चष्मा आणायला म्हणून आत आलो आहे आणि हे लिहितो आहे. बाहेर ओसरीवर डबी वाजते आहे.