सूनबाईंच्या पोटातलं इंग्रजी

४ मार्च
आज पुन्हा! मी वाढतेय, आणि सेयॉन — आमची सूनबाई — गिथेला इंग्रजीतून काहीतरी सांगतेय. माझाच मुलगा, तोही माना डोलावतोय. मध्येच रा-ओनचं नाव. सहा वर्षांचं लेकरू ते! त्याच्याबद्दल आजीपासून काय लपवायचंय? मी काय फ्रीज आहे?

५ मार्च
वॉर्ड ऑफिसातल्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. घरी सांगितलं, गुडघ्यांच्या व्यायामाला जाते.

२ एप्रिल
बांग सरांनी आज 'अल्टिरिअर मोटिव्ह' शिकवलं. ओठांत एक, पोटात एक — त्यातला पोटातला हेतू. "उदाहरण द्या," म्हणाले. गुक बाई ताडकन उठल्या — "मुलगा खांदे चेपायला लागला, की समजावं, घर नावावर करून हवंय!" हसून हसून पुरेवाट.

माझी मात्र जीभ वळेना. आपल्या कोरियन अक्षरांत तो शब्द तळहातावर लिहून घेतला. किमची कालवताना घोकला, भांडी घासताना घोकला. आता झोपेतही म्हणेन.

११ एप्रिल
सेयॉनने गोमांसाच्या बरगड्या आणल्या, गुलाबी कापडात बांधून. ना सण, ना माझा वाढदिवस! वर खांदे चेपले. "आई, तुम्ही फार दमता हो." मी मनात — अल्टिरिअर!

जेवताना त्यांच्या इंग्रजीतलं मोजकंच पकडलं — सेबू, शाळा, दोन वर्षं. म्हणजे पोराला घेऊन ही फिलिपिन्सला जाणार, आणि गिथे इथे एकटा. पोरांना इंग्रजी यावं म्हणून हल्ली घरोघरी हेच. रा-ओनशिवाय हे घर खायला उठेल मला.

१२ एप्रिल
विचारलं! भर जेवणात, इंग्रजीत, एका दमात — "सेयॉन, तुझा अल्टिरिअर मोटिव्ह काय?"

तिच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली. गिथेला ठसका. रा-ओन टाळ्या पिटतोय, "आजी इंग्लिश बोलली!" सदुसष्टाव्या वर्षी सुनेची बोलती बंद केली मी! गिथे कसाबसा म्हणाला, "आई, उद्या सगळं सांगतो." सांग बाबा. कुठल्याही भाषेत सांग.

१३ एप्रिल
दोघांनाही नोकरी सोडता येत नाही. रा-ओनबरोबर मी जावं, असं त्यांच्या मनात होतं! "पण तिथे सगळं इंग्रजीत, आणि तुम्हाला ते येत नाही आई, विचारायचा धीरच होईना. कालपासून मात्र…" आणि सेयॉन रडायलाच लागली.

मी लगेच हो म्हटलं नाही. "बघते," म्हणाले. खोलीत आले, दार लावलं आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.