ओंडक्यावरचा डबा

प्रिय झुनिल्डा,

तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, अशी शपथ मी साऱ्या घाटासमोर घेतली होती. म्हणून हे पत्र पाववालीच्या टोपलीत, पावांखाली दडवून पाठवतेय. तेलकट झालं असेल तर तिला बोल, मला नको.

पराना नदीवर मासेमारीबंदी लागली, हंगाम संपला, आणि माझ्या पदरात काय पडलं? शहाणपण. एकट्या बाईने वल्हवायचं आणि जाळंही सोडायचं म्हटलं की नाव जागच्या जागी गरगरते आणि जाळ्यात आपणच सापडतो. वीस वर्षं तू वल्हवलंस, मी पुढे बसून जाळं सोडलं. मला वाटायचं, सगळी करामत माझ्याच हातांची. मग गळ टाकून बघितला. मोठा सुरुबी मासा लागला, पण तो तुझ्या दारावरून कसा मिरवायचा याचा विचार करत बसले, तोवर पिरान्हा माशांनी नुसतं मिशाळ डोकं शिल्लक ठेवलं. तरी मिरवलाच! पोत्यात खाली दगड, वर डोकं. तुझा नवरोबा फेर्मिन टोपी काढून म्हणतो, "अहो डेल्मिराबाई, केवढा हा मासा! धरू का जरा?" मेल्याने धरलं असतं म्हणजे! मी पळतच सुटले. आठवडाभर खांदा धरला होता.

हो, जळते मी. पन्नाशी उलटल्यावर तुला लग्नाची हुक्की आली, कर बाई, मी वरातीत नाचलेही. पण त्या न्हाव्याला माझ्या जागेवर बसवलंस? ज्याला पोहता येत नाही, जो गांडुळाला हात लावताना तोंड फिरवतो? आणि पहिल्याच फेरीत त्याला स्वतःच्या पायांहून लांब सुरुबी! तू हसलीस ते मला पाण्यावरून ऐकू आलं. माझ्याबरोबर इतक्या मोठ्याने कधी हसली होतीस गं?

आता खरं सांगते. जाळं टाकायचा आपला पट्टा आपण दोघींनी दोन हिवाळे खपून साफ केला. तू दोर घेऊन बुडी मारायचीस, मी वरून बुडालेली झाडं ओढायचे. ज्याने साफ केला त्याचा पट्टा, हा नदीचा कायदा. एकच ओंडका हलला नाही, म्हणून जाळं अडकू नये यासाठी त्याला खूण म्हणून दोराने तरंगता पांढरा डबा बांधला. तो ऑगस्टमध्ये वाहून गेला असं सगळे म्हणतात. वाहून नाही गेला, मी त्याचा दोर कापला. फेर्मिनचं जाळं फाटावं म्हणून. ते तुझंही जाळं आहे, हे डोक्यात शिरलंच नाही. तुला तो ओंडका डोळे मिटूनही ठाऊक, तू रोज वळसा घालून गेलीस. आणि एका सकाळी तुमच्याकडे टक लावून बघता बघता मीच माझं जाळं त्या ओंडक्यावर घालून अडकवलं.

तू आलीस आणि सरळ बुडी मारलीस. छप्पन्नाव्या वर्षी, त्या गार पाण्यात, तीनदा. फेर्मिन नावेत रडकुंडीला आला होता, "झुनिल्डा, पुरे गं!" जाळं सोडवून माझ्या हातात दिलंस, "नीट वाळव" म्हणालीस आणि गेलीस. मला वाटलं, सुटले, हिला काही कळलं नाही.

आज सकाळी गुपचूप नवा डबा बांधायला गेले. तिथे आधीच एक होता. निळा, फेर्मिनच्या दुकानातल्या साबणाचा, आणि गाठ तुझी, तीच सैल गाठ, जिच्यावरून मी वीस वर्षं तुला शिव्या घातल्या. पाण्यात हात घातला तर जुन्या दोराचं टोक लागलं, सुरीने सरळ कापलेलं. म्हणजे त्या दिवशी पहिल्याच बुडीत ते तुझ्या हाताला लागलं असणार. आणि तरी तू आणखी दोनदा खाली गेलीस.

मला माफ कर. शिव्या दे, पण बोल. गाठ घट्ट करून आलेय. बंदी उठेल त्या सकाळी मी घाटावर उभी असेन. पुढची जागा मात्र माझीच. फेर्मिनला मध्ये बसव, आपण मासे ठेवतो तिथे.

त्याच्या आधीपासून तुझीच,
डेल्मिरा